सरांबद्दल चार मिनिटं काय बोलू?

पत्र:

ताई, नमस्कार. मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेची, दहावी २००२ ची. आमचे हेडसर तीन आठवड्यांपूर्वी गेले, ७६ वर्षांचे होते. येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा आहे आणि बॅचकडून मी बोलायचं असं ग्रुपवर ठरलंय, कारण मी अ‍ॅडमिन. चार मिनिटं. मला एक ओळ सुचत नाहीये. सरांनी खूप केलं माझ्यासाठी, दहावीच्या हॉल तिकिटावर माझं नाव चुकीचं छापून आलं होतं तर सर स्वतः वाशीला बोर्डात जाऊन ते बदलून आले. धाकटा भाऊ २६ जुलैच्या पावसात शाळेत अडकला तेव्हा रात्रभर सर मुलांसोबत होते, खिचडी करून घातली. पण लिहायला बसले की सगळं निबंधासारखं होतं. त्यात ग्रुपवर भांडणं. कोणाला नाक्यावर मोठा फ्लेक्स हवाय, कोणाला सरांच्या नावाने बक्षीस, १ लाख ४० हजार जमलेत ते एका मित्राच्या जीपेवर पडून आहेत. आणि आमच्याच वर्गातल्या एकाने लिहिलं की नववीत लॅबची काच फुटली म्हणून सरांनी मला परिपाठाला सगळ्यांसमोर छडीने मारलं, काच मी फोडलीच नव्हती, मी येणार नाही. खरं तर नव्हतीच फोडली त्याने. पण सगळे तुटून पडले त्याच्यावर, तो ग्रुप सोडून गेला. त्याला परत घेऊ का? आणि शेवटचं. यंदा पाडव्याच्या स्वागतयात्रेत सर मला तलावपाळीजवळ दिसले होते, खुर्चीवर बसलेले. मी भेटायला गेलेच नाही. सर सगळ्यांना सांगायचे ही इंजिनियर होणार, आणि मी ऐरोलीत घरून डबे देते. ते डोक्यातून जातच नाहीये.

उत्तर:

ऐरोलीकर बाई,

आधी एक सांगून टाकते. सल्ला देणारी बाई म्हणजे शिक्षिकाच असणार असं लोकांना वाटतं, पण मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, २८ वर्षं, ठाण्यातच, तुझ्या शाळेत नाही. त्यामुळे तुम्ही मुलांनी हेडसर समोरून बघितले, स्टेजवरचे, आणि मी बघितले ते बाजूने, म्हणजे मस्टरवर लाल रेघ मारताना, वेतन पथकाकडून पगारबिल परत आलं की चिडचिड करताना, कोणाच्या तरी बापाला केबिनमध्ये बसवून पाणी देताना. तीन हेडसर आणि एक हेडबाई झाल्या माझ्या काळात. त्यातल्या दोघांच्या शोकसभेला मी होते आणि दोन्हीकडे तेच, ज्ञानाचा सागर, शिस्तीचे भोक्ते पण मनाने मेणाहून मऊ, त्यांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी. नाव बदललं तर कुठल्याही हेडमास्तरला चालेल असं भाषण. तुला निबंधासारखं वाटतंय ना, ते बरोबर वाटतंय, ते फाडून टाक.

तुझ्याकडे वाशी आहे. चार मिनिटांना वाशी पुरेशी आहे.

आता ऐक, मी का म्हणतीये. आत्ताच्या मुलांना वाशी म्हणजे ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली की अर्धा तास. पण ती लाईन सुरू झाली २००४ ला. तुझ्या दहावीच्या वेळी ठाण्याहून वाशीला जायचं म्हणजे एकतर बसने कळवा, ऐरोली, कोपरखैरणे करत धक्के खात जायचं, नाहीतर लोकलने कुर्ल्याला उतरून हार्बर पकडून परत अलीकडे यायचं. जाऊन येऊन आख्खा दिवस. आणि मुख्य म्हणजे बोर्डाची कामं हेडसर करत नाहीत गं! ते काम माझ्यासारखीचं. विनंती अर्ज, शाळेचं कव्हरिंग लेटर, जनरल रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स खरी प्रत म्हणून सही-शिक्क्यासकट, एवढं पिशवीत घालून क्लार्क जातो नाहीतर शिपाईमामा जातात. परीक्षेच्या तोंडावर तिथे मुंबई, ठाणे, रायगड सगळीकडच्या शाळांची माणसं उभी असतात, प्रत्येकाच्या हातात कोणाचं तरी चुकलेलं स्पेलिंग. आमच्याकडे एकदा एका मुलाच्या नावापुढे आईच्या नावाऐवजी आडनावच दोनदा छापून आलं होतं, मी तीन फेऱ्या मारल्या होत्या त्या एका ओळीसाठी, "साहेब जेवायला गेलेत", "उद्या या", "हे पत्र या नमुन्यात चालत नाही".

मग तुझे सर स्वतः का गेले? माझा अंदाज, की क्लार्क गेली तर "उद्या या" ऐकून परत येईल आणि परीक्षा चार दिवसांवर आलेली, पण हेडमास्तर स्वतः येऊन टेबलासमोर उभे राहिले की त्यांना परत पाठवणं जड जातं. किंवा ऑफिसातली बाई त्या दिवशी रजेवर असेल, एवढं साधंही असेल. तुला हे माहीत नाही ना? मग शोधून काढ. त्या वेळी ऑफिसात कोण होतं ते आठव, शाळेतल्या जुन्या शिपाईमामांकडे त्यांचा पत्ता नक्की असतो, क्लार्क आणि शिपाई रिटायर झाले तरी एकमेकांच्या संपर्कात असतात (आमचा पण ग्रुप आहे, रोज सकाळी सहाला सुप्रभात, वैताग आहे). फोन कर आणि विचार की बाई, सर त्या दिवशी वाशीला का गेले होते. ती जे सांगेल ते रविवारी सांग, जसंच्या तसं.

भावालाही विचार. २६ जुलै २००५ ला मंगळवार होता, दुपारनंतर लोकल बंद, आणि कळव्याची, मुंब्र्याची, दिव्याची मुलं शाळेत अडकलेली. तू लिहिलंयस सर रात्रभर होते, खिचडी घातली. तांदूळ कुठला होता? मला ऑफिसातल्या माणसासारखे प्रश्न पडतात बघ. प्राथमिक विभागाच्या पोषण आहाराचा असेल तर त्याचा किलोकिलोचा हिशोब असतो, रजिस्टर असतं, तपासणीला विचारतात, आणि माध्यमिकच्या मुलांना तो घालायचा म्हणजे दुसऱ्या दिवशी कोणीतरी खिशातून पैसे घालून तेवढा तांदूळ आणून ठेवला असणार. किंवा नसेलही ठेवला आणि शेरा खाल्ला असेल. भावाला एवढंच विचार की तू काय खाल्लंस, कशात खाल्लंस, कुठे झोपलास, सर कुठे बसले होते. तो म्हणेल मला काही आठवत नाही. दोन तासांनी फोन करेल.

हे एवढं बारीक कशाला, असं तुला वाटेल. त्याचं कारण सांगते. आमचे एक हेडसर गेले तेव्हा आम्ही स्टाफ त्यांच्या घरी गेलो होतो, दहाव्याच्या आधी. काकू बसलेल्या. येणारा प्रत्येक जण सांगत होता की सर फार मोठा माणूस, सर देवमाणूस, आणि काकू मान हलवत होत्या, सकाळपासून तेच ऐकत असणार. मी कोपऱ्यात होते. मध्येच त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, शाळेत चहात साखर घ्यायचे का गं ते? सरांना शुगर होती, घरी बिनसाखरेचा. आता काय सांगावं, मी अडकलेच, पण खोटं कशाला बोलू, म्हटलं हो काकू, दोन चमचे, आणि शिपाईमामांना दम दिलेला होता घरी सांगायचं नाही म्हणून. काकू इतक्या हसल्या! मग रडल्या, पण आधी हसल्या. त्या दिवशी त्या घरात दुसरं कोणी त्यांना सरांबद्दल काही नवीन सांगितलंच नव्हतं.

तर तुझे रविवारचे श्रोते कोण? तुमच्या काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, पहिल्या रांगेत. त्यांना वाशीची गोष्ट बहुतेक माहीत नसणार. त्यांना एवढंच आठवत असेल की मार्चमध्ये एकदा हे रात्री उशिरा घरी आले होते आणि जेवण गार झालं होतं.

आता त्या मुलाचं. (मुलगा काय, चाळिशीचा बाप्या झाला असेल.)

पत्रात बाकी सगळं तू सविस्तर लिहिलंयस आणि एक वाक्य मात्र पटकन उरकलंयस. "खरं तर नव्हतीच फोडली त्याने." हे तुला कसं माहीत?

मला उत्तर लिहून पाठवू नकोस, माझा संबंध नाही. पण नववीतल्या त्या सकाळी परिपाठाच्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी तुला माहीत होतं, अजून चार-पाच जणांना माहीत असणार, ज्याने फोडली त्याला तर होतंच, आणि कोणीच बोललं नाही. तुम्ही पोरं होतात, हेडसरांच्या हातात छडी, मी दोष देत नाहीये. मी ऑफिसच्या खिडकीतून अशा सकाळी बघितल्यात, मीही बोलले नाही कधी, आणि मी पोर नव्हते, पगार घेत होते. तेव्हा आईबापच येऊन सांगून जायचे की सर, हाडं आमची, मास तुमचं, सोलून काढा. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, मारायला सरळ बंदी आहे, तेव्हा ते नव्हतं हे खरं. पण म्हणून ज्याला न केलेल्या गोष्टीसाठी आठशे मुलांसमोर मार बसला त्याला तो कमी लागला असं होत नाही. आणि परवा ग्रुपवर काय झालं? तो परत एकदा सगळ्यांसमोर उभा, परत सगळे बघतायत, आणि तू परत गप्प. अ‍ॅडमिन असून.

त्यामुळे "परत घेऊ का" हा प्रश्नच नाहीये. ग्रुपची लिंक पाठवू नकोस त्याला, तो यायचा नाही आणि मी असते तर मीही आले नसते. फोन कर. रविवारच्या आधी. आणि फोनवर सरांची वकिली करू नकोस, की मनाने चांगले होते रे, काळच तसा होता, आता माणूस गेलाय तर सोडून दे. त्याला एवढंच सांग की काच तू फोडली नव्हतीस हे मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. मग तो काय म्हणेल ते ऐकून घे. कदाचित फोन आपटेल, आपटू दे. रविवारी ये असं म्हणू नकोस, त्याला यायचं तर तो येईल, आणि आला तर मागे दाराजवळ उभा राहील, तेव्हा त्याला ओढून पुढे बसवायला जाऊ नका कोणी.

ग्रुपवर मात्र लिही. दोन ओळी. तो खरं बोलतोय आणि मला माहितीये. लोक म्हणतील ही वेळ आहे का. हीच आहे. सर गेले तेव्हाच सगळ्यांना सर आठवायला लागले ना, मग त्यालाही आठवले, त्याच्या वाटणीचे जे आले ते आठवले. वाशीला गेलेला माणूस आणि चौकशी न करता छडी उचललेला माणूस एकच होता, आणि तुमच्या बॅचने त्यातला एक फ्रेममध्ये घालून दुसरा पुसून टाकायचं ठरवलं तर जो उरेल तो तुमचा सर नाही, फोटो स्टुडिओतला कोणीतरी असेल. मी तर म्हणते काकूंनाही हे काही नवीन नसणार, चाळीस-पंचेचाळीस वर्षं संसार केलाय त्यांनी त्या रागाशी.

स्टेजवरून काचेबद्दल बोलू नकोस पण. ती त्याची गोष्ट आहे, तुझ्या भाषणाची फोडणी नाही.

पैशाचं थोडक्यात. १ लाख ४० हजार एकाच्या जीपेवर हे आजच्या आज थांबवा, तो मित्र कितीही सज्जन असो, सहा महिन्यांनी कोणीतरी विचारणारच हिशोबाचं काय आणि मग मैत्री जाते. फ्लेक्स विसरा, महापालिकेची परवानगी काढावी लागते आणि चार दिवसांनी त्यावर दुसऱ्या कोणाचा तरी वाढदिवस येतो, सरांच्या तोंडावर. बक्षीस द्यायचं तर पैसे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावाने चेकने द्या आणि सोबत लेखी पत्र द्या की ही कायम ठेव आहे, मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून अमुक करायचं, आणि त्याची पावती घ्या. पत्र महत्त्वाचं, पत्राशिवाय दिलेली देणगी रंगकामात जाते, मी स्वतः व्हाउचरं लावलीयत म्हणून सांगते. देणगीवरची इन्कम टॅक्सची सूट कोणाला हवी असेल तर संस्थेकडे त्याचं सर्टिफिकेट आहे का ते आधी विचारा. साडेसहा टक्के धरले तर वर्षाला ९१०० रुपये होतात.

आणि ते ९१०० पहिल्या आलेल्या मुलीला देऊ नका हो. तिला सोसायटी देते, नगरसेवक देतो, क्लासवाले देतात, तिच्या घरी ट्रॉफ्या ठेवायला जागा नाही. दहावीला गणितात नाहीतर इंग्रजीत उडालेली पोरं बघा. तुमच्या वेळी ऑक्टोबरला बसायचे, आता जून-जुलैला पुरवणी परीक्षा असते, फॉर्म भरायला थोडेच दिवस मिळतात आणि निकालाच्या दिवशी घरी शिव्या खाल्लेलं पोरगं बापाकडे फीचे पैसे मागायला धजत नाही, तिथेच शाळा सुटते त्याची. फॉर्म १७ ने बाहेरून बसणारी असतात, कामावर जाणारी. त्यांची परीक्षा फी आणि एक महिना कोणीतरी गणित शिकवायला. ज्या माणसाने एका नावाच्या स्पेलिंगसाठी वाशी गाठली त्याच्या नावाने हे शोभतं, असं माझं मत, बॅचला पटेल न पटेल.

पाडव्याचं मी मुद्दाम मागे ठेवलं. त्यावर मला काही जादू येत नाही. तू भेटायला गेली नाहीस, आता ते होणे नाही. पण कारण तू सांगतेस ते मला अर्धवट वाटतं. इंजिनियर झाले नाही म्हणून लाज वाटली, बरं. पण त्या गर्दीत, ढोल-ताशात, लेझीम, बुलेटवरच्या नऊवारीतल्या बायका, तिथे सरांनी तुला विचारलं असतं काय करतेस आणि तू म्हणाली असतीस डबे देते, तर त्यांचा पुढचा प्रश्न काय असता? मी हेडसर लोकांना ओळखते. किती डबे? कोणाला देतेस? परवडतं का? आणि मग शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या जेवणाचं काय घेशील असं विचारून तुझ्याकडून भाव पाडून घेतला असता. शेकडो मुलांबद्दल ते म्हणाले असतील हा डॉक्टर होणार ही इंजिनियर होणार, शाळेत वर्षाला एवढी मुलं बाहेर पडतात, हेडमास्तर त्याची वसुली करत बसत नाही गं. माझ्याकडे दाखल्यावर सही घ्यायला जुनी मुलं यायची ना, कोणी रिक्षा चालवणारा, कोणी टीएमटीत कंडक्टर, कोणी अमेरिकेला चाललेला, सर सगळ्यांना आधी एकच विचारायचे, आई कशी आहे.

वाईट वाटणारच. वाटू दे. पण ते घेऊन काकूंकडे जाऊन "मी त्यांना भेटले नाही हो" म्हणून रडू नकोस, त्यांनी तुझं सांत्वन का करायचं? त्यांच्याकडे जा, आणि रविवारनंतर जा, सगळे पांगल्यावर, महिन्याभराने, जेव्हा कोणी येत नाही तेव्हा. डबा घेऊन जा, तुला येतो तो. आणि सहज विचार की फॅमिली पेन्शनचं झालं का. मुलं बाहेरगावी असतात, बायकांना पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, कुठे ठेवलाय ते माहीत नसतं, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती एकदोनच काढलेल्या असतात आणि बँक, जिल्हा कोषागार, विमा, गॅस कनेक्शन, सगळीकडे मागतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो राहिला की पेन्शन थांबते. तुझ्या बॅचमध्ये बँकेत कोणीतरी असेलच, त्याला ग्रुपवर फुलं टाकण्यापेक्षा हे काम दे. काकूंना बँकेत घेऊन जा रिक्षाने, रांगेत त्यांना बसायला खुर्ची मिळते का बघ. रांगेत वेळ भरपूर असतो, तेव्हा वाशीची गोष्ट परत सांग, मागच्या वेळी हॉलमध्ये त्यांना नीट ऐकूही गेलं नसेल.

रविवारी साडी नाहीतर ड्रेस, काय घालायचं असले प्रश्न विचारू नकोस, काहीही घाल. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ने, मोबाईलवरून वाचू नकोस, नेमका तेव्हाच डब्याच्या ऑर्डरचा फोन येतो. आणि शाळेच्या हॉलमधले पंखे फक्त दोनच स्पीडला चालतात, बंद आणि फुल्ल, तेव्हा कागदांना क्लिप लाव.